पगाराचा हिशेब निविदेपासून करायचा की डाळीपासून?

सकाळी साडेसहाला आमच्या गल्लीत घंटागाडी येते. गाडीमागे चालणाऱ्या ताई गेली सात वर्षं त्याच आहेत. ठेकेदार मात्र या सात वर्षांत तीनदा बदलला. परवा कचऱ्याचा डबा रिकामा करताना त्यांनी मोबाइल पुढे केला. ‘‘दादा, हा मेसेज वाचा बरं, किती जमा झाले?’’ मी वाचला. ११,२०० रुपये. ‘‘पगार येस आनि जास, भाऊ,’’ एवढं म्हणून त्या पुढच्या दारी गेल्या.

खान्देशातल्या एका नगरपालिकेच्या लेखा विभागात माझी नोकरी झाली, आता निवृत्त आहे. सफाईच्या ठेक्यांची बिलं मी वर्षानुवर्षं तपासली. म्हणून हा आकडा बघून मला आश्चर्य वाटलं नाही. थोडी लाज वाटली, एवढंच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या. तेव्हापासून चहाच्या टपरीवरही ‘किमान वेतन’, ‘फ्लोअर वेज’, ‘निर्वाह वेतन’ हे शब्द ऐकू येतात. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे तिन्ही एकच वाटतात. पण ते वेगळे आहेत, आणि घंटागाडीमागे चालणाऱ्या बाईंच्या दृष्टीने त्यांतला फरक फार मोठा आहे.

तीन पायऱ्या

१९४८ साली केंद्र सरकारने रास्त वेतन समिती नेमली. या समितीने वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. सर्वांत खाली किमान वेतन: माणूस जगेल आणि उद्या पुन्हा कामावर येऊ शकेल इतकं. सर्वांत वर निर्वाह वेतन: अन्न, वस्त्र, निवारा यांच्याबरोबर मुलांचं शिक्षण, आजारपण, म्हातारपणाची तरतूद आणि चारचौघांत मानाने राहण्यापुरता खर्च. या दोहोंच्या मध्ये रास्त वेतन. ते किती वर चढेल हे मालकाच्या ऐपतीवर अवलंबून.

‘निर्वाह’ हा शब्द मला जरा फसवाच वाटतो. ‘कसाबसा उदरनिर्वाह’ म्हणतो तेव्हा आपल्याला तळची पायरी अभिप्रेत असते. कायद्यात मात्र तो वरच्या पायरीसाठी आहे. राज्यघटनेच्या ४३व्या अनुच्छेदात हाच शब्द येतो: कामगारांना निर्वाह वेतन मिळावं यासाठी राज्याने झटावं. पण तो मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात असल्यामुळे त्यासाठी थेट कोर्टात दाद मागता येत नाही. किमान वेतनाचं तसं नाही. ते दिलं नाही तर तो कायद्याचा भंग होतो. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं म्हणजे घटनेने बंदी घातलेली वेठबिगारी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाड बांधकाम कामगारांच्या खटल्यात म्हटलं आहे.

आणि फ्लोअर वेज? केंद्राने ठरवलेली ही तळरेषा. कोणत्याही राज्याचं किमान वेतन तिच्याखाली जाऊ शकत नाही. पूर्वी ही रेषा केवळ शिफारशीपुरती होती आणि २०१७ पासून दिवसाला १७६ रुपयांवर होती. चार संहितांपैकी वेतन संहितेने तिला कायद्याचं बळ दिलं. निर्वाह वेतनाचा हक्क मात्र या संहितेनेही दिलेला नाही.

हिशेब डाळीपासून

एका घराला किती लागतं हे मोजायची पद्धत आपल्याकडे १९५७ पासून आहे. त्या वर्षीच्या भारतीय श्रम परिषदेने एक सूत्र ठरवलं. कुटुंब नवरा, बायको आणि दोन मुलांचं. खाण्याच्या हिशेबात कमावता १, जोडीदार ०.८ आणि मुलं प्रत्येकी ०.६, म्हणजे एकूण तीन माणसांचं खाणं. माणशी रोज २,७०० कॅलरी. घरासाठी वर्षाला ७२ वार कापड. घरभाडं. शिवाय जळण, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा भाग. पुढे १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यात आणखी २५ टक्के घालायला सांगितले. शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी.

सातव्या वेतन आयोगाने केंद्राचं किमान मूळ वेतन १८,००० ठरवलं ते याच सूत्रावर उभं राहून. त्या अहवालात महिन्याच्या किराण्याची यादीच दिली आहे. मी ती यादी घेतली आणि आमच्या बाजारातले ढोबळ भाव त्यापुढे मांडले. ही कुठली पाहणी नव्हे, पिशवी घेऊन बाजारात जाणाऱ्या माणसाचा हिशेब आहे. तुमच्या गावचे भाव घालून पाहा.

धान्य पावणेत्रेचाळीस किलो: ज्वारी, गहू, तांदूळ मिळून सरासरी ३८ रुपयांनी १,६२५. डाळी सात किलोच्या थोड्या वर, ८६५. भाजीपाला २७ किलो, १,०८०. फळं पावणेअकरा किलो, आमच्याकडे म्हणजे केळीच, ४३०. दूध १८ लिटर, १,०८०. साखर-गूळ २२५, तेल ५४०, अंडी ९०, त्यांचे ६३०. कोंबडी पाच किलो आणि मासे अडीच किलो, मिळून १,७२५. एकूण ८,२०० रुपये. यात चहापत्ती नाही, मिरची-मसाला नाही. खान्देशात मसाल्याशिवाय महिना काढून दाखवावा!

यात कपडालत्ता आणि शिलाईचे १,००० घाला, दोन खोल्यांच्या घराचे ४,००० घाला. झाले १३,२००. गॅस, वीज, साबण, मोबाइल, रिक्षा हा एकूण वेतनातला पाचवा भाग धरला की १६,५००. त्यावर न्यायालयाचे पंचवीस टक्के. २०,६२५.

आता मोबाइलवरचा तो मेसेज आठवा. ११,२००.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून माझे शेजारी दरवेळी चकित होतात. १९५७ चं सूत्र आणि त्यावरचे २५ टक्के, हे न्यायालयाने किमान वेतनाचे घटक म्हणून सांगितले आहेत. निर्वाह वेतन याच्याही वरचं. आपण ज्याला ‘फार मोठी मागणी’ म्हणतो, ती कायद्याच्या नजरेत अजून तळमजल्यावर आहे.

मग पगार ठरतो कुठे?

निविदेत. मी हे आतून पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कायम सफाई कामगाराचा पगार वेतन आयोगाने ठरतो. राज्याच्या सातव्या वेतन आयोगात सर्वांत खालच्या श्रेणीचं मूळ वेतन १५,०००. त्यावर पन्नास टक्क्यांहून जास्त महागाई भत्ता, शिवाय घरभाडं. म्हणजे सुरुवातीलाच बावीस-तेवीस हजारांच्या पुढे. त्याच रस्त्यावर, तसाच झाडू हातात घेतलेला ठेक्याचा माणूस त्याच्या निम्म्यावर.

पालिका कायम माणसं का भरत नाहीत? कारण आस्थापना खर्च, म्हणजे स्वतःच्या नोकरांवरचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवा असा शासनाचा दंडक आहे. बहुतेक पालिका ती रेषा केव्हाच ओलांडून बसल्या आहेत, त्यामुळे भरतीला मंजुरी मिळत नाही. पण कचरा तर रोज निघतो. मग काम ठेक्याने दिलं जातं. ठेक्याचा खर्च आस्थापनेत न धरता ‘सफाई सेवा’ या शीर्षाखाली टाकला जातो. माणूस तोच, झाडू तोच, फक्त वहीतला रकाना बदलतो.

अंदाजपत्रक तयार होताना मी कितीदा समोर बसलो आहे. गेल्या वर्षीचा आकडा घ्यायचा, त्यात थोडे टक्के चढवायचे, झालं अंदाजपत्रक. किती माणसं लागतील, प्रत्येकाचं किमान वेतन किती, दर १ जानेवारी आणि १ जुलैला महागाईप्रमाणे विशेष भत्ता बदलतो त्याचं काय, भविष्य निर्वाह निधीत मालकाचा वाटा किती, हा हिशेब फाइलीच्या मागच्या बाजूला कुठेतरी जोडलेला असे. नसे असंही मी पाहिलं आहे. मग निविदा उघडायची आणि सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम द्यायचं. अंदाजपत्रकापेक्षा १८ टक्के कमी दर आला की सभागृहात बाकं वाजायची, पालिकेचा पैसा वाचला म्हणून.

सफाईच्या ठेक्यात मोठा खर्च माणसांचाच. डिझेलचा भाव ठेकेदाराच्या हातात नाही, गाडीचा बँकेचा हप्ता चुकवता येत नाही. मग ते १८ टक्के कुठून निघतात? हा प्रश्न विचारलेला मी एकदाही ऐकला नाही. मीही विचारला नाही.

यालाच मी निविदेपासून केलेला हिशेब म्हणतो. आधी ठेक्याची रक्कम ठरते, तीतून यंत्रं, डिझेल आणि नफा वजा होतो, आणि जे उरतं तो पगार. निर्वाह वेतनाचा हिशेब उलट्या टोकाने चालतो: आधी घराचा खर्च, मग पगार, आणि शेवटी ठेक्याची रक्कम.

दुसरीकडे कुणी असं केलंय?

अमेरिकेत बाल्टिमोर शहराने १९९४ साली केलं. तिथल्या चर्चच्या लोकांना एक विचित्र गोष्ट दिसली. गरिबांसाठीच्या मोफत जेवणाच्या रांगेत बेकार माणसं तर होतीच, पण पूर्णवेळ नोकरी करणारेही उभे राहू लागले होते. त्यांतले अनेक शहराचंच काम ठेकेदाराकडून करत होते. चर्च आणि कामगार संघटना एकत्र आल्या आणि शहराने नियम केला: शहराचं काम घेणाऱ्या ठेकेदाराने तासाला निदान ६.१० डॉलर द्यायचे आणि तो दर टप्प्याटप्प्याने वाढवायचा. तेव्हा देशाचं किमान वेतन होतं ४.२५ डॉलर.

लंडनमध्ये अशीच चळवळ २००१ मध्ये सुरू झाली. ब्रिटनमध्ये आता जगण्याच्या खर्चावरून दरवर्षी नवा दर काढतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो तासाला १२.६० पौंड आणि लंडनसाठी १३.८५ पौंड ठरला. कायद्याचा दर त्या वेळी ११.४४ पौंड होता. हा वरचा दर ऐच्छिक आहे. तरीही अनेक स्थानिक कौन्सिलांनी तो स्वीकारला. त्यांना मान्यता मिळवायची असेल तर स्वतःच्या नोकरांबरोबर ठेक्याच्या कामगारांनाही तोच दर द्यावा लागतो. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट हीच.

‘पैसा आणायचा कुठून?’

हा आक्षेप खरा आहे, हसण्यावारी न्यायचा नाही. जळगावकरांना तर पालिकेची तिजोरी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पालिकेची सतरा मजली इमारत दिमाखात उभी आणि हुडको या सरकारी वित्तसंस्थेच्या कर्जाचे हप्ते मानगुटीवर, ही परिस्थिती त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली. जकात गेली, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर गेला, जीएसटी आला आणि शहरं राज्याकडून येणाऱ्या अनुदानाकडे डोळे लावून बसली. हातात उरलं काय, तर घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं. गाळ्यांच्या मुदती संपून भाडं थकतं तेव्हा काय होतं, तेही जळगावने पाहिलं आहे.

तरीही एक गणित मांडू. जळगावची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४ लाख ६० हजार होती. घरटी साडेचार माणसं धरली तर लाखभर घरं. समजा ठेक्याचे ५०० सफाई कामगार आहेत (हा आकडा केवळ गणितापुरता) आणि प्रत्येकामागे निधीचा वाटा वगैरे सगळं धरून महिन्याला १०,००० रुपये जास्त लागतात. वर्षाचे झाले सहा कोटी. घरटी वर्षाला ६००, महिन्याला ५० रुपये. शेवभाजीची एक प्लेटही यात येत नाही. कामगार हजार धरले तर १०० रुपये. तेव्हा मात्र प्लेट येईल.

पन्नास रुपये सगळ्यांना सारखे नसतात, हे मला ठाऊक आहे. झोपडपट्टीतल्या घराकडून ते घेऊही नयेत. पण या वाढीव रकमेतला मोठा भाग मुळात नवा खर्च नाहीच. स्थानिक संस्थांमधलं काम १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत पहिल्यापासून होतं. कागदावरचं किमान वेतन आणि बाईंच्या खात्यातली रक्कम यांतला फरक हे पालिकेचं आणि ठेकेदाराचं थकलेलं देणं आहे. उधारी फेडायला कुणी ‘जादा खर्च’ म्हणत नाही.

शिवाय कमी पगारातून वाचलेला पैसा कुणीतरी भरतंच. रेशनचं फुकट धान्य त्या घरात जातं, सिव्हिलमधलं औषध जातं, मुलीची शाळा आठवीत सुटते. रेशन आहे म्हणून पगार कमी चालेल, असं एकदा मान्य केलं तर गरिबासाठीच्या धान्याचा फायदा शेवटी ठेकेदाराच्या निविदेत जाऊन बसतो.

‘शेतमजुराला कुठे मिळतंय? मग यांनाच का?’

हा सूर खान्देशात हमखास निघतो. निघणारच. कपाशीची वेचणी किलोच्या दराने होते, आणि ज्याच्या शेतात वेचणी चालते त्याच्याही हातात कापूस विकून काय उरतं ते त्यालाच माहीत. त्याला निर्वाह वेतन सांगायला गेलं तर तो विचारेल, माझं निर्वाह वेतन कोण देणार? माझ्याकडे याचं सोपं उत्तर नाही. हमीभावाचा प्रश्न निराळा आहे आणि तितकाच खरा आहे.

इतकंच म्हणेन की पालिका म्हणजे शेतकरी नव्हे. तिला कर लावायचा अधिकार आहे, पाऊस पडला नाही म्हणून तिचं पीक बुडत नाही. आणि सरकारी कामाची मजुरी वाढली की आजूबाजूची मजुरी हलते, हे रोजगार हमीच्या कामांनी महाराष्ट्राला दाखवून दिलेलं आहे. शेतमजुराला कमी मिळतं हे सफाईवाल्याला कमी देण्याचं कारण धरलं, तर उद्या सफाईवाल्याचा दाखला शेतमजुराला देतील.

‘दोघं कमावतात की!’

सूत्रात एकाच्या कमाईवर चौघं धरले आहेत, यावर हा आक्षेप. आमच्या ताईंचे यजमान एमआयडीसीत जातात, काम असेल त्या दिवशी. पण दोघं बाहेर पडली की धाकट्याला कोण सांभाळतं, आजीची गोळी कोण देतं? त्या कामालाही मोल आहे. विधवा किंवा टाकलेल्या बाईच्या घरी तर दुसरा पगार नसतोच. सफाईत अशा बाया किती असतात ते मुकादमाला विचारा.

‘वाढवला तरी ठेकेदारच खाईल’

हा मला सर्वांत वजनदार आक्षेप वाटतो, कारण मी ते होताना पाहिलं आहे. पगार बँकेतच जमा करायचा, असा नियम आला. तेव्हा काही ठिकाणी कामगारांची एटीएम कार्डंच मुकादमाकडे जमा झाली. कुठे पूर्ण पगार खात्यात पडायचा आणि संध्याकाळी त्यातले तीन-चार हजार रोख परत द्यावे लागायचे. पालिकेच्या फाइलीत बँकेची यादी चोख. मी तिच्यावर ‘तपासले’ असा शिक्का मारलेला आहे.

ताईंच्या पगारपावतीवर ‘इतर कपात ४००’ असं लिहिलेलं होतं. कसली कपात, विचारलं. गमबूट आणि हातमोज्यांची म्हणे. आम्ही काढत असू त्या निविदेत हे साहित्य ठेकेदारानेच मोफत द्यायचं, अशी अट ठरलेली असे. आमच्याच हातची भाषा.

कायदा इथे दुबळा नाही. ठेकेदाराने वेतन बुडवलं तर मूळ मालकाने, म्हणजे पालिकेने, ते द्यायचं आणि ठेकेदाराच्या बिलातून कापायचं, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू होतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाब सरकारच्या खटल्यात दिला. ठेक्याच्या कामगारापर्यंत तो पोचवताना मात्र वकील ‘मालक कोण’ यावर वर्षं घालवतात.

म्हणून नुसता आकडा वाढवून भागणार नाही, निविदेची रचना बदलावी लागेल. मजुरीची रक्कम निविदेत वेगळी दाखवायची आणि तिच्यावर बोलीच लावू द्यायची नाही. ठेकेदारांनी स्पर्धा करावी ती यंत्रं, व्यवस्थापन आणि नफा यांवर. मजुरीच्या आकड्याखाली कुणी जाऊच शकत नसेल तर १८ टक्क्यांची जादू आपोआप बंद पडते. पगाराची यादी दर महिन्याला पालिकेच्या फलकावर लावायची, नावासमोर रक्कम घालून. आपलं नाव कुठे आहे हे लोक बरोबर शोधतात. याला महासभेचा ठराव पुरे, दिल्लीची वाट पाहायला नको.

गावाकडे काय?

ग्रामपंचायतीत गोष्ट आणखी अडते. पाण्याचा व्हॉल्व्ह सोडणारा, दिवाबत्ती पाहणारा आणि दवंडीपासून घरपट्टीच्या वसुलीपर्यंत सगळं करणारा माणूस बहुधा एकच असतो. कर्मचाऱ्यांवरच्या खर्चाला इथेही ३५ टक्क्यांची मर्यादा आहे. शासन त्याच्या वेतनासाठी अनुदान देतं, पण ते करवसुलीशी बांधलेलं. गावाने घरपट्टी भरली नाही की पगार शिपायाचा अडकतो. दुष्काळात धुळ्याकडच्या गावांत वसुली कुठून होणार? पाणी मात्र त्यानेच सोडायचं. अक्कलकुवा-धडगावकडच्या पाड्यांवरच्या अंगणवाडी ताईंचं तर ‘वेतन’ही नाही, ‘मानधन’. शब्द बदलला की त्यावर किमान वेतनाचा दावा करता येत नाही. शब्द निवडणाऱ्याला दाद द्यायला हवी.

पगार वाढला की कार्ड जातं

शेवटी एक अडचण, जी चर्चेत कुणी काढत नाही. ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, दवाखान्याचं कार्ड महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगारालाच मिळतं. आपण वर काढलेले २०,६२५ ही हातात पडायची रक्कम आहे. भविष्य निर्वाह निधीची कपात धरली तर एकूण पगार २२,००० च्या पुढे जाईल आणि कार्ड जाईल. तेव्हा ठराव करणाऱ्यांनी त्याच ठरावात आरोग्य विम्याचीही सोय लिहायला हवी. नाहीतर एका हाताने दिलेलं खासगी दवाखाना दुसऱ्या हाताने घेऊन जाईल.

हे सगळं मी ताईंना परवा उभ्या उभ्या सांगितलं. वीस हजार म्हटल्यावर त्या हसल्या. मागच्या वर्षी यजमानांचं हर्नियाचं ऑपरेशन त्याच कार्डावर झालं होतं. गाडी पुढे सरकली, ड्रायव्हरने भोंगा वाजवला, तरी त्या थांबून विचारत होत्या, ‘‘पण दादा, कार्ड राहील ना?’’